राव्हेलचा पियानो ट्रिओ ऐकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी गेली काही वर्षे महिन्यातील एका रविवारी सायंकाळी सात-आठ माणसे एकत्र बसून पाश्चात्त्य संगीत ऐकतात. बहुतेकांचा कान ख्यालावर आणि नाट्यपदांवर पोसलेला आहे. मॉरिस राव्हेल या फ्रेंच रचनाकाराचा पियानो ट्रिओ आम्ही जितक्या वेळा ऐकला, तितकी अन्य कोणतीही रचना ऐकलेली नाही आणि सर्वाधिक प्रश्नही त्याविषयीच येतात. काही बैठक संपल्यावर दारात चपला घालताना, काही दुसऱ्या दिवशी फोनवर. ते प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत.

१. चेंबर म्युझिक म्हणजे नेमके काय? आणि ट्रिओमध्ये कोणती वाद्ये असतात?

मोठ्या सभागृहासाठी आणि ऐंशी-शंभर वादकांसाठी न लिहिता, एका दालनात बसून मोजक्या वादकांनी वाजवावे म्हणून लिहिलेले संगीत म्हणजे चेंबर म्युझिक. प्रत्येक वादकाची ओळ स्वतंत्र असते आणि वादकांना हातवारे करून दाखवणारा संचालक नसतो; ते एकमेकांचा श्वास आणि नजर ओळखून वाजवतात. घरगुती बैठकीत तबलजी आणि गायक यांच्यात जो डोळ्यांचा व्यवहार चालतो, तो आठवला तरी पुरे. पियानो ट्रिओ या नावात तीन पियानो नसतात. पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशी तीन वाद्ये असतात. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील, परंतु बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवण्याचे मोठे वाद्य असून त्याचा आवाज पुरुषी गळ्याच्या जवळ जातो.

२. ही रचना कधी आणि कोठे झाली?

राव्हेलचा जन्म १८७५ साली फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, स्पेनच्या सीमेजवळच्या सिबूर या गावी झाला. त्याची आई बास्क होती. सिबूरच्या शेजारीच सँ-झाँ-द-ल्यूझ हे गाव आहे. तेथे त्याने १९१४ च्या मार्च महिन्यात हा ट्रिओ लिहायला घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत पूर्ण केला. ज्यांच्याकडे तो काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक स्वरओळी एकाच वेळी चालवण्याचे शास्त्र, शिकला त्या आंद्रे जेदाल्झ यांना ही रचना अर्पण केलेली आहे. पहिला प्रयोग पॅरिसमध्ये २८ जानेवारी १९१५ रोजी झाला आणि त्यात पियानोवर आल्फ्रेदो काझेल्ला होते. लेखनकाळाच्या मध्येच महायुद्ध आले, त्याविषयी प्रश्न १० पाहावा.

३. पूर्ण ऐकायला किती वेळ लागतो?

साधारण सत्तावीस मिनिटे. भाग चार आहेत : मोदेरे, पांतूम, पासाकाय आणि फिनाल. पहिला सर्वांत लांब आणि दुसरा सर्वांत आटोपशीर आहे. सुरुवातीला चारही भाग सलग ऐकण्याचा अट्टहास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. मी तीनदा ऐकली, पण काहीच हाती लागले नाही. दोष माझ्या कानाचा आहे का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा ज्यांचा कान उत्तम तयार आहे त्यांच्याकडूनच येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपण लहानपणापासून तानपुऱ्याच्या सोबतीने ऐकत आलो आहोत. षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही आणि प्रत्येक स्वराचा अर्थ त्या षड्जापासूनच्या अंतरावरून ठरतो. घरी परतण्याची वाट कायम डोळ्यांसमोर असते. राव्हेलच्या रचनेत तसा अचल षड्ज नाही. पहिला भाग पाश्चात्त्य परिभाषेतील ए मायनरमध्ये सुरू होतो आणि सी मेजरमध्ये विसावतो. म्हणजे ज्या घरातून निघालो त्याच घरी परतायचे आहे, ही आपली अपेक्षाच तो पुरी करत नाही. मधल्या काळात पायाखालचा स्वर अनेकदा सरकतो. कान मात्र सवयीने षड्ज शोधत राहतो आणि तो सापडत नाही म्हणून थकतो. या थकव्यालाच आपण ‘काही कळले नाही’ असे म्हणतो.

माझे स्वतःचे असेच झाले. पहिली कित्येक आवर्तने मी मनात सा धरून बसत असे, तो दर अर्ध्या मिनिटाला मोडत असे आणि मला ती रचना निसटती, किंबहुना काहीशी उद्धट वाटत असे. फरक पडला तो सा धरणे सोडून एकाच वाद्याचा हात धरल्यावर. एका दिवशी केवळ चेलो ऐकायचा, बाकीचे दोघे काय करतात याकडे लक्ष द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी केवळ पियानोचा डावा हात. असे आठ-दहा दिवस केल्यावर पहिल्या भागातील एक गोष्ट अचानक स्पष्ट ऐकू आली. आरंभी पियानो एकट्याने मुख्य सुरावट मांडतो आणि मग व्हायोलिन व चेलो तीच ओळ एकमेकांपासून दोन सप्तकांच्या अंतरावर वाजवतात, तर पियानो त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतो. तीनच वाद्ये असूनही खोली भरल्यासारखी वाटते, ती या मांडणीमुळे. हे कोणी सांगितले म्हणून कळले नव्हते, कानाने सापडले होते, आणि त्या दिवसापासून ही रचना मला परकी राहिली नाही.

५. मग सुरुवात कोणत्या भागापासून करावी?

तिसऱ्या भागापासून, म्हणजे पासाकायपासून. पासाकाय हा जुना युरोपीय प्रकार आहे. त्यात एक ठरावीक सुरावट पुन्हापुन्हा येत राहते आणि तिच्याभोवती प्रत्येक वेळी नवे काही घडते. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर जो लेहरा अखंड चालू असतो, त्याची आठवण ज्यांना होईल त्यांनी अर्धी वाट चाललेलीच आहे. फरक इतकाच की येथे लेहराच मुख्य नायक आहे आणि तो एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो.

आठ मात्राखंडांची ती सुरावट आधी पियानोच्या अगदी खालच्या स्वरांत, एकटी, कोणत्याही सजावटीशिवाय येते. नंतर ती चेलोकडे जाते, मग व्हायोलिनकडे. आवाज हळूहळू वाढत मध्यावर शिगेला पोचतो आणि तेथून वाद्ये एकेक करून मागे सरतात; शेवटी पुन्हा पियानो आणि त्याचा खर्ज एवढेच उरते. डोंगर चढून त्याच वाटेने उतरावे असा हा सात-आठ मिनिटांचा आकार आहे आणि तो पहिल्याच ऐकण्यात कळतो. बडोद्याच्या दरबारातील उस्ताद फैयाज खाँ नोमतोमची आलापी खर्जापासून कशी बांधत नेत, ते ध्वनिमुद्रणांतून ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा धीर ओळखीचा वाटेल.

२०१९ साली ३१ जुलैच्या पावसात शहर पाण्याखाली गेले, तेव्हा वीज नसल्यामुळे फोनची बॅटरी जपून वापरावी लागत होती. मी वरच्या मजल्यावर दिवसातून एकदा केवळ हा एक भाग ऐकत असे आणि फोन बंद करून ठेवत असे. दिवसभरात तेवढेच एक संगीत कानांवर पडत असल्यामुळे ती सुरावट चालताना, पाणी भरताना मनात आपोआप फिरू लागली. एखादी रचना इतकी थोडी आणि इतकी नियमित ऐकण्याचा हा अनुभव मला पुढे फार उपयोगी पडला. म्हणून नव्या श्रोत्यांना मी सांगतो की आठवडाभर रोज एकदा पासाकाय ऐका आणि त्या आठवड्यात बाकीचे तीन भाग लावूच नका.

६. पहिल्या भागात ताल धरता येत नाही. टाळी कोठे द्यावी?

केरव्याप्रमाणे चार-चार धरू पाहिल्यास हात हमखास चुकतो. मात्रा आठच आहेत, पण त्यांची विभागणी तीन, दोन, तीन अशी आहे. ‘एक दोन तीन, एक दोन, एक दोन तीन’ असे हळू म्हणत पहिली ओळ ऐकावी. तीन-चार आवर्तनांत ती चाल अंगात भिनते. बास्क प्रदेशातील झोर्त्झिको या नृत्यलयीशी तिचे नाते सांगितले जाते आणि स्वतः राव्हेलनेही या भागाचा रंग बास्क असल्याचे म्हटले होते. एक सावधगिरी मात्र हवी. येथे सम नाही. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळे येऊन भेटतील अशी वाट पाहिल्यास निराशा होते, कारण मुक्कामाची जागा स्वरांच्या हालचालीवरून ठरते, मोजण्यावरून नव्हे. या भागाच्या अखेरीस सगळे शांत होत जाते आणि पियानोच्या खालच्या स्वरांत त्या लयीचा नुसता ठेका उरतो, तो मुद्दाम ऐकावा.

७. दुसऱ्या भागाला ‘पांतूम’ असे विचित्र नाव का? आणि तो इतका तुटक का वाटतो?

पांतूम हा मूळचा मलय काव्यप्रकार आहे. त्यातील एका कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी म्हणून परत येते, त्यामुळे दोन विचार एकमेकांत विणले जात पुढे सरकतात. व्हिक्टर ह्यूगोच्या १८२९ च्या काव्यसंग्रहातील टिपांमुळे तो फ्रेंच कवींना परिचित झाला. आपल्या पंडिती काव्यात दामयमक आहे. तेथे एका चरणाचे शेवटचे शब्द पुढच्या चरणाच्या आरंभी येतात. प्रकार वेगळा असला तरी साखळीने पुढे जाण्याची गोडी तीच आहे.

राव्हेलने दोन कल्पना घेतल्या : एक टोचणारी, तुटक, चपळ आणि दुसरी तिच्या मानाने सलग. त्यांचे तुकडे तो आलटून पालटून ठेवतो. तुटकपणा जाणवतो तो यामुळे. जो तुकडा आत्ता तुटला असे वाटते, त्याचे पुढचे टोक एका तुकड्याआड सापडते. मध्यभागी तर पियानो संथ, प्रार्थनेसारखी सुरावट चार मोठ्या मात्रांच्या चालीत सुरू करतो आणि तंतुवाद्ये आपली तीन मात्रांची चपळ चाल सोडत नाहीत. दोन लयी शेजारी शेजारी, एकमेकींना न अडवता चालतात. लयकारीवर प्रेम करणाऱ्या आमच्या तबलावादक मित्रांना हा भाग सर्वांत आधी आवडतो असा अनुभव आहे. आणखी एक दुवा येथेच सांगतो : पासाकायची ती खर्जातील सुरावट या भागाच्या आरंभीच्या चपळ कल्पनेतूनच निघाली आहे. दोन्ही पुरेशा परिचित झाल्यावर, एखाद्या नातवाच्या चेहऱ्यात आजोबा दिसावेत तसे ते साम्य ऐकू येते.

८. मला पियानो किंचित बेसूर वाटतो. हा माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. तानपुऱ्याच्या नादातून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट मानतात). पियानो बारा समान भागांत लावलेला असल्यामुळे त्याचा गंधार बरोबर ४०० सेंटवर पडतो, म्हणजे सुमारे १४ सेंट चढा. पंचमात मात्र फरक केवळ २ सेंटांचा आहे. तयार कानाला गंधारातील हा चढेपणा खुपतो, आणि हार्मोनियमवर जो आक्षेप आपल्याकडे घेतला गेला त्याच्या मुळाशी हेच आहे. ही तडजोड केल्यामुळेच पियानोवर कोणताही स्वर आधार मानून पुढे जाता येते आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेला पायाखालच्या स्वराचा प्रवास शक्य होतो. व्हायोलिन आणि चेलो यांना पडदे नसतात, त्यामुळे उत्तम वादक बोट किंचित सरकवून सूर जुळवून घेतात. पासाकायच्या उत्तरार्धात तंतुवाद्ये पियानोविना वाजतात, तेथे हा फरक स्वच्छ जाणवतो.

९. सगळे स्वर लिहिलेलेच असतील तर वादकाला करायला काय उरते? आणि व्हायोलिनमध्ये मींड का नाही?

उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेला विस्तार, येथे नाही, हे खरे. लिहिलेला स्वर बदलण्याची मुभा नसते. पण तो किती वेळ धरायचा, किती हळू सोडायचा, तिघांत कोणाचा आवाज पुढे ठेवायचा, यात वादकांची सारी समज पणाला लागते. आर्थर रुबिनस्टाइन, याशा हायफेट्झ आणि ग्रेगोर प्यातिगोर्स्की यांनी १९५० साली केलेले ध्वनिमुद्रण आणि फ्लोरेस्तान ट्रिओचे अलीकडच्या काळातील ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकावे. पहिल्यात तिघे आपापल्या परीने नायक आहेत. दुसऱ्यात तिघांचा मिळून एक आवाज आहे. मला स्वतःला रोजच्या सोबतीसाठी दुसरे अधिक प्रिय आहे. मींडेचा प्रश्न याला जोडूनच येतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे पाश्चात्त्य व्हायोलिनला निषिद्ध नाही. जुन्या पिढीचे वादक ते अधिक करत आणि हायफेट्झच्या वादनात ते ऐकू येते. मात्र आपल्याकडे मींड रागाचा अर्थ सांगते, तर तेथे ती उच्चाराची लकब आहे.

१०. ही रचना युद्धाची आहे का? पासाकायमध्ये शोक आहे असे वाचले.

जपून उत्तर द्यावे लागेल. पहिला भाग वसंतातच, युद्धाची चाहूल नसताना लिहिला गेला. पुढे उन्हाळ्यात काम रखडले होते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटल्यावर सैन्यात भरती व्हायचे या ध्यासाने राव्हेलने ते झपाट्याने संपवले. पाच महिन्यांचे काम आपण पाच आठवड्यांत केले, असे त्याने इगोर स्ट्राव्हिन्स्की या मित्राला कळवले. वजन कमी भरल्यामुळे सैन्याने त्याला नाकारले, तरीही तो प्रयत्न करत राहिला आणि पुढे लष्करी ट्रकचालक झाला. ही हकीकत ठाऊक झाल्यावर पासाकाय ऐकताना मन गलबलते, हे मी नाकारत नाही. पण रचनेला कोणतेही वर्णनात्मक नाव राव्हेलने दिलेले नाही. माझी विनंती अशी की आधी ती सुरावट स्वतःची होऊ द्यावी आणि हकीकत नंतर आठवावी.

११. इनायत खाँ बडोद्याचे होते आणि पॅरिसला गेले होते. राव्हेलवर आपल्या संगीताचा परिणाम झाला असेल का?

हा प्रश्न बडोदेकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा सुरू करणारे मौलाबक्ष हे गायक आणि सूफी गुरू इनायत खाँ यांचे आजोबा. इनायत खाँ यांचा जन्म बडोद्यात १८८२ साली झाला, १९१० साली ते पश्चिमेकडे निघाले आणि पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसमध्ये त्यांची देबुसी या थोर रचनाकाराशी भेट झाली. अभिमान वाटावा असाच हा दुवा आहे. तरीही या ट्रिओपुरते बोलायचे तर त्यात जे दूरदेशीचे आहे ते बास्क आणि मलय वळणाचे आहे. त्यात राग शोधू नये. एखादी ओळ एखाद्या रागाच्या जवळून जाते असे वाटले तरी पुढच्याच क्षणी आधारस्वर बदलतो आणि ते साम्य विरते. या शहरातील कान पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडचे संगीत ऐकत आले आहेत, एवढाच निष्कर्ष मी काढतो.

१२. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले तर चालेल का?

पासाकायसाठी चालणार नाही. तिचा आरंभ इतक्या खालच्या स्वरांत आहे की छोट्या स्पीकरमधून तो जवळजवळ नाहीसाच होतो, आणि मे महिन्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर उरलेलेही जाते. साधे, कान झाकणारे हेडफोन पुरेसे आहेत.

१३. शेवटचा भाग मला गोंगाट वाटतो. बाकीचे तीन आवडतात, मग हा सोडून दिला तर?

काही काळ जरूर सोडावा. मीही वर्षभर सोडला होता. यात पाच आणि सात मात्रांची चाल आलटून पालटून येते, व्हायोलिन आणि चेलो लांबच लांब कंपित स्वर धरून ठेवतात आणि पियानो त्यांच्यामधून घोषणा केल्यासारखा वाजतो. तीन वाद्यांकडून वाद्यवृंदाइतका आवाज काढण्याची ती इच्छा आहे आणि ध्वनिमुद्रणात ती बऱ्याचदा दाटून येते. या भागाकडे पुन्हा वळताना केवळ पहिले अर्धे मिनिट ऐकावे. व्हायोलिन तारेला हलका स्पर्श करून पातळ, काचेसारखे स्वर भराभर वर-खाली नेते आणि त्याखाली पियानो मुख्य सुरावट शांतपणे मांडतो. ते अर्धे मिनिट आवडू लागले की पुढचा आवाज कोठून आला ते कळते. झपताल आणि रूपक हाताशी असलेल्यांनी पाच-सात मोजण्याचा प्रयत्न करावा, पण प्रश्न ६ मधील समेविषयीची सूचना येथेही लागू आहे.

१४. खूपदा ऐकून कंटाळा आला. प्रेम संपले असे समजावे का?

कंटाळा बहुधा रचनेचा नसून एका ध्वनिमुद्रणाचा असतो, कारण त्यातील प्रत्येक श्वास पाठ होतो. वादक बदलून पाहावेत. त्यानेही फरक न पडल्यास दोन-तीन महिने रचना बंद ठेवावी. आमच्या बैठकीत येणाऱ्या एका काकूंनी दिवाळीपासून होळीपर्यंत ती ऐकली नव्हती, आणि परतल्यावर पहिल्या भागातील व्हायोलिनची दुसरी सुरावट त्यांना प्रथमच ऐकल्यासारखी वाटली.

१५. यानंतर काय ऐकावे?

राव्हेलचेच १९०३ सालचे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, आणि त्याच्या आधी दहा वर्षे देबुसीने लिहिलेले क्वार्टेट. गाब्रिएल फोरे हे राव्हेलचे गुरू. त्यांचा उतारवयातील, १९२३ सालचा ट्रिओ याच तीन वाद्यांचा आहे, पण इतका मितभाषी की तो ऐकायला वेगळा धीर लागतो. ज्यांना पासाकायमधील पियानोविना चालणारा तंतुवाद्यांचा संवाद आवडला, त्यांनी राव्हेलने देबुसीच्या स्मृतीस अर्पण केलेला, व्हायोलिन आणि चेलो या दोनच वाद्यांचा सोनाटा घ्यावा. तो अधिक रुक्ष आहे, आणि त्याचीही सुरुवात एकाच भागापासून, आठवडाभर रोज एकदा, अशीच करावी.